ताईंना आवरा

"ते कळलं. पण सही कुणाची लागती?"

कुणीही गाऱ्हाणं घेऊन आलं की ताईंचा पहिला प्रश्न हाच. समोरचं माणूस रडवेलं असो की तावातावात, त्या आधी पाणी द्यायच्या, सगळं ऐकून घ्यायच्या आणि मग चष्मा कपाळावर चढवून हे विचारायच्या. बहुतेकांना उत्तर ठाऊक नसायचं. वर्षानुवर्षं ज्या साहेबापुढं हात जोडले, त्याच्या हातात काही नव्हतंच, हे तिथं बसल्यावर त्यांना कळायचं.

तुळजापुरात आमच्या संस्थेचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. गावोगावच्या महिला मंडळांना सरकारदरबारी आपलं म्हणणं मांडायला आणि ते लावून धरायला शिकवायचं, हे आमचं काम. मी जीप चालवायचो, टायपिंगही करायचो. शिकवायच्या ताई. सास्तूरकडच्या बौद्ध घरातल्या. आवाज असा, की स्टुलावर पेंगणारा शिपाई आपोआप उभा राहायचा.

एकदा एका साहेबांच्या केबिनमध्ये खुर्च्या कमी पडल्या. "बायका बसतील की खाली," साहेब म्हणाले.

"खाली बसायचं आमच्या आज्यानंच सोडलं, साहेब. खुर्च्या येऊ द्या, तवर आमी उभ्या ऱ्हातो."

खुर्च्या आल्या. शेजारच्या केबिनमधल्यासुद्धा आल्या.

नळदुर्गजवळच्या एका गावात आरोग्य उपकेंद्राची इमारत होती, पण नर्स नव्हती. दाराला कायमचं कुलूप. कलावतीबाईंची सून दवाखान्याच्या वाटेवर, हायवेलाच जीपमध्ये बाळंत झाली. मूल गेलं. त्यानंतर गावातल्या बायका तालुक्याला खेटे घालून थकल्या आणि आमच्याकडं आल्या. ताईंनी चौकशी केली, तर नर्सची नेमणूक व्हायची जिल्हा परिषदेतून.

जायच्या आधी तालीम. ताई स्वतः साहेब व्हायच्या आणि "लवकर बोला, मला मीटिंग आहे," असं खेकसायच्या. बायका आधी हसल्या, मग खरंच चिडल्या.

"आता कसं!" ताई खूश झाल्या. "पर चिडून मुद्दा सोडायचा न्हाय. इनंतीबी करायची न्हाय. नर्स कदी देता, येवढंच इचारायचं."

प्रत्यक्ष साहेबांसमोर कलावतीबाई सगळं विसरल्या. पदर तोंडाला लावून बसल्या. साहेब ताईंकडं वळले, "मॅडम, तुम्हीच सांगा ना."

"सून त्यांची हाय, साहेब. त्यास्नी येळ द्या."

मग कलावतीबाईंनी पदर खाली घेतला.

"धाब्यापाशी जीप थांबवली. ट्रकवाल्यांनी जीपकडं पाठ करून गोल धरला, तेवढाच आडोसा. परक्या मानसांना लाज वाटली, साहेब. तुमी नर्स कदी देता?"

महिना संपायच्या आत नर्स आली.

आणि आमच्या अध्यक्षांना फोनही आला. दर निवडणुकीत त्या गावाला नर्स कबूल करणाऱ्या एका पुढाऱ्याचा. "तुमच्या त्या ताईंना आवरा." अध्यक्षांनी ताईंना बोलावून समजावलं. संस्था अडचणीत येईल, जरा दमानं घ्या.

"आवरायला मी काय पसारा हाय व्हय?" ताई म्हणाल्या, आणि त्याच दिवशी नोकरी सोडली.

नोकरी सोडली, काम नाही. एसटीनं गावोगाव फिरत राहिल्या. तुम्ही तेव्हा त्यांना पाहिलं असतं, तर पगार बंद झालेली बाई म्हणून ओळखलंच नसतं. बढती मिळाल्यासारख्या चालायच्या.

गेल्या हिवाळ्यात हृदयविकारानं त्या गेल्या. आमच्याच ऑफिसात शोकसभा ठेवली. अध्यक्षांनी सर्वांत मोठा हार आणला. लांबलांबच्या गावांहून बायका आल्या, पण नळदुर्गकडची एकही नाही. मला ते फार लागलं. बाहेर येऊन मी कलावतीबाईंना फोन लावला, जरा रागानंच.

"धाराशिवला आलोय सगळ्याजणी, झेडपीत," त्या म्हणाल्या. "नर्सबाईला दुसरीकडं हलवायला लागलेत. ताईंसाठी उद्या येतो, दादा. आज साहेब जाग्यावर घावलाय."

मागून एक पुरुषी आवाज त्यांना बाहेर थांबायला सांगत होता.

"थांबायला न्हाय आलो," कलावतीबाई त्याला म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.