झाडूवाली तेवढी तशीच

माझी धाकटी बहीण कमी बोलते. वीस वर्षं आमच्या फोटो स्टुडिओत काउंटरला बसते, पण गिऱ्हाइकांना तिचं नाव विचाराल तर कुणाला सांगता यायचं नाही. मालक मी, आणि बोलायचा मक्ताही माझाच.

तर ही बया दुपारी दुकान बंद असताना स्वतःचेच फोटो काढत होती. स्टुडिओच्या खुंटीवर गिऱ्हाइकांसाठी कोट, टाय, बिनकाचेचा चष्मा असं काहीबाही लटकलेलं असतं. ते चढवून कधी डॉक्टरीण, कधी मोठी अधिकारी, कधी नवरी, कधी शाळेतली बाई. "लोक कपडे बघून माणूस ठरवतात ना दादा, ते दाखवायचंय," म्हणाली. मी म्हटलं, "चला, नटायची हौस तरी फिटली!" पण वाचनालयाने तिला प्रदर्शनाला चक्क हॉल दिला.

उद्या प्रदर्शन, आज पाच फोटो छापायचे. तिने विश्वासाने माझ्यावर सोपवले. आता मी पडलो रिटच करणारा. चेहरा दिसला की हात उजळ करायलाच जातो, जित्याची खोड! डॉक्टरीण, अधिकारी, शाळेतली बाई जराशा उजळ केल्या, नवरी चांगलीच. हनुवटीवरचा तीळही उडवला. म्हटलं, पहिलंच प्रदर्शन, भावाकडून एवढं तरी. पाचव्यात ती बाह्या सारून, केस गुंडाळून, हातात झाडू घेऊन उभी होती. तो तसाच छापला.

संध्याकाळी तिने पाचही प्रिंट काउंटरवर मांडले.

"दादा, चौघींना गोरं केलंस. हिला का नाही?"

"अगं, झाडूवालीला काय उजळायचं? ती तशीच शोभते."

बोललो आणि जीभ चावली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"यात मी सोंग घेतलंच नव्हतं," ती म्हणाली. "रोज सकाळी तू यायच्या आधी दुकान झाडते ना, तेव्हाची आहे ही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस वर्षं स्वच्छ दुकानात येऊन बसतोय. कोण झाडतं, हे एकदाही मनात आलं नाही. "सगळे पुन्हा छापतो, जसे काढलेस तसेच," म्हटलं.

"छाप. पण हेही राहू देत. दोन्ही लावू."

प्रदर्शनात तसेच शेजारी शेजारी लागले. एक वयस्कर गृहस्थ झाडूवालीच्या जोडीपुढे थांबले. "बाकी सगळ्यांत फरक आहे, हे दोन सारखेच. असं का?"

धाकटीने माझ्याकडे बघितलं. सांगायचं मीच होतं. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसलो. 

दुसऱ्या दिवशी ठरवलं, आजपासून झाडू मी मारायचा. तासभर आधी गेलो. दार उघडंच होतं, ती फडकं पिळत होती.

"दादा, लादी ओली आहे," ती म्हणाली. "जरा बाहेर थांब."