एकादशीची गोळी

संग्रहणीने मी पार खंगलो होतो, तेव्हा एका वैद्यांनी मला अफू दिली. पोट सावरले, अफू मात्र सुटली नाही. सत्तरच्या दशकात, साठीला आलो असताना, माझ्यापाशी अफूचा सरकारी परवाना होता. दर महिन्याला डॉक्टरांकडून तपासून घ्यायचे आणि सरकारी भांडारातून ठरलेला वाटा आणायचा, असा क्रम असे. पंचवटीत वेदपठण करणारा मी, परवाना उपरण्याच्या घडीत लपवून दवाखान्याच्या रांगेत उभा राहत असे.

रांगेतल्या इतरांना ही लाज नव्हती. चांदवडचे एक वृद्ध शेतकरी तर मोठ्याने सांगत, "हे माझ्या कमरंचं वंगण हाय. याच्यावर कांदा लावतो मी."

हे व्यसन आहे आणि व्रताच्या दिवशी ते वर्ज्यच, अशी माझी धारणा होती. म्हणून प्रत्येक एकादशीला मी गोळी घेत नसे. दुपारपर्यंत नाकडोळे वाहू लागत, पायांत गोळे येत, आणि मंत्र म्हणता म्हणता जांभई येई. हे सारे मी प्रायश्चित्त मानून सोशी. "अहो, हे देवानं मागितलंय की तुम्हीच ठरवलंय?" असे पत्नीने एकदा विचारले. मी पोथी उघडून बसलो.

एका वर्षी संहितेच्या पारायणाची समाप्ती नेमकी एकादशीला आली. अखेरचे घनपठण, म्हणजे पदे पुढेमागे गुंफून म्हणण्याची ती अवघड रीत, अनेक वर्षे माझ्याकडे होती. आमच्या वेदपाठकांतल्या एका ज्येष्ठांनी मला बाजूला घेतले. "गेल्या एकादशीला आपण दोनदा अडखळलात. यंदा तसे झाले, तर हे आसन दुसऱ्याकडे द्यावे लागेल."

त्या महिन्यात मी डॉक्टरांना प्रथमच सारे सांगितले. त्यांनी लेखणी खाली ठेवून विचारले,

"गुरुजी, उपवासाला औषध चालतं ना?"

"चालते. जल, कंदमुळे, फळे, दूध, औषध, यांनी व्रतभंग होत नाही. मीच शिकवतो."

"मग ही गोळी काय आहे?"

मागून चांदवडचे आजोबा बोललेच, "सरकारच्या वहीत तुमचं नाव हाय, डॉक्टरच्या कागदावर हाय. देवालाच तेवढं ठाऊक नाय का, गुरुजी? आन् एकादशी म्हणून बैल उपाशी ठेवला, तर नांगर कोण वढील? तुम्ही?"

रांगेत हशा पिकला. मलाही हसू आवरेना.

समाप्तीच्या सकाळी स्नानसंध्या आटोपून, मंडपात सर्वांसमोर, मी नेहमीच्या वेळी नेहमीएवढीच गोळी घेतली. ज्येष्ठांच्या भुवया उंचावल्या.

"आज एकादशी आहे. काय घेतलेत हे?"

"औषध," मी म्हणालो. तो शब्द त्या गोळीसाठी मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला होता.

मग पठण सुरू झाले. डोळे कोरडे होते, पाय स्थिर होते. पदांमागून पदे गुंफली जात होती. ज्येष्ठांचा हात स्वरांबरोबर वरखाली होत होता आणि तो एकदाही थबकला नाही. अखेरचे पद संपले, तसे त्यांनी उठून आपल्या खांद्यावरची शाल माझ्या खांद्यावर घातली. "पुढच्या वर्षीही आपणच," एवढेच ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात परवाना हातात धरून मी रांगेत उभा राहिलो. चांदवडच्या आजोबांनी लांबूनच हाळी दिली, "गुरुजी, बैल चालला का?"

"चालला," मी तितक्याच मोठ्याने म्हणालो, "शेवटच्या तासापर्यंत सरळ चालला!"