जरा भारीतली गोळी

दात काढायला मला दहा मिनिटं लागतात आणि गोळ्यांवरून भांडायला अर्धा तास. नांदेडात दवाखाना टाकून चौदा वर्षं झाली. दुपारी डबा खाताना आमच्या असिस्टंट सुनंदाताई आणि मी ज्या गोष्टी आठवून चरफडतो, त्यात दाताच्या कमी आणि अँटिबायोटिकच्याच जास्त. मित्रमंडळी त्या पुन्हापुन्हा सांगायला लावतात, हसतात. मला हल्ली हसू येत नाही.

*

हदगावचे एक गुरुजी आले. दाढेला ठणका होता, पण सूज नाही, ताप नाही, पू नाही. नस दुखावलेली, रूट कॅनल केलं की विषय संपला. मी म्हणलं, यात अँटिबायोटिकचं काही काम नाही. दुखणं थांबायची गोळी देते, उद्या काम सुरू करू. गुरुजींचा चेहरा पडला. एवढ्या लांब यायचं आणि साधी गोळी घेऊन जायचं? जाताना सुनंदाताईंना म्हणाले, मॅडम नवीन दिसतात.

गावातल्या मेडिकलवरून त्यांनी जरा भारीतल्या म्हणून तीन प्रकारच्या गोळ्या घेतल्या आणि तिन्ही एकदम सुरू केल्या. आठ दिवसांनी आले ते एका हातानं गाल आणि दुसऱ्या हातानं पोट धरून. जुलाबानं डोळे खोल गेले होते.

"पोट साफ झालं, मॅडम," म्हणाले. "दाढ तेवढी तशीच हाय."

*

शबाना बी.एड. करणारी मुलगी. पेनिसिलिन घेतलं की तिच्या अंगावर गांधी उठतात, हे तिनं आल्याआल्या सांगितलं. किती पेशंट असं आपणहून सांगतात? हिरडीत पू झाला होता, ताप होता. पू काढला, तिला चालेल असं वेगळं औषध लिहिलं आणि चिठ्ठीवर लाल पेननं 'पेनिसिलिन नको' असंही लिहिलं.

संध्याकाळी तिच्या भावाचा फोन आला. ओठ सुजलेत, श्वास लागून राहिला. मी म्हणलं, बोलत बसू नका, सरकारी दवाखान्यात पळा. वेळेवर पोचले म्हणून पोरगी वाचली. दुसऱ्या दिवशी भावानं गोळ्यांचं पाकीट आणून दाखवलं, तर अमॉक्सिसिलिन. म्हणजे पेनिसिलिनचंच भावंड.

मी अंगातल्या ॲप्रनसकट त्या मेडिकलवर गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर तोंडाला येईल ते बोलले. दुकानदारानं शांतपणे ऐकून घेतलं. तुम्ही लिहिलेलं संपलं होतं, म्हणाला.

"पण दोन्ही दाताचंच हाय ना, मॅडम?"

*

सगळा राग अडाण्यांवर काढायचं कारण नाही. लातूरला आमच्या बॅचचं गेट-टुगेदर होतं. एक मित्र, प्रॅक्टिस एकदम जोरात, सांगत होता की नुसती दातांची सफाई केली तरी तो पाच दिवसांची अँटिबायोटिक देतोच. मी विचारलं, कशाला?

"सेफ्टी."

"कुणाची?"

"आपली."

सगळे हसले. मी ताट ठेवून उठले.

*

घरचं तरी धड असावं. माझे बाबा तहसीलमधून रिटायर झालेले, रोज दोन पेपर वाचणारे, रविवारी विहारात पोरांना स्वच्छतेवर भाषण देणारे. एकदा त्यांची हिरडी पांढरी पडून सोलवटलेली दिसली. खोदून विचारलं, तेव्हा कबूल केलं की अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून पावडर किडक्या दाढेत भरली होती. पोटातून फिरून जाण्यापेक्षा डायरेक्ट गेलेलं बरं, असा त्यांचा हिशोब. मी इतकी ओरडले की आई स्वयंपाकघरातून धावत आली.

खरा धक्का पुढं होता. हाच इलाज त्यांनी विहारातल्या सहा-सात जणांना सांगितला होता, माझ्या नावावर. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर मी स्वतः उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं की यानं हिरडी जळते, दाढ बरी होत नाही. बाबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बाकीचे मला म्हणाले, बापाची अशी चारचौघांत इज्जत काढू नये.

*

अर्धापूरकडचं एक जोडपं आलं. बाई बाविशीची, पाचवा महिना लागलेला, खालच्या दाढेचा पू जबड्यात उतरलेला, अंगात ताप. अशा वेळी पोटातल्या बाळालाही चालेल असंच औषध निवडावं लागतं. मी पू काढला, अमॉक्सिसिलिन लिहिलं, नवऱ्याला समोर बसवून दोनदा समजावलं. दिवसातून तीनदा, एकही चुकवायची नाही, परवा पुन्हा दाखवायला आणा. तो मान हलवत होता.

आले ते आठव्या दिवशी. बाईचं तोंड दोन बोटंही उघडेना, सूज गळ्यापर्यंत गेलेली. तिला ताबडतोब सरकारी दवाखान्यात हलवायचं ठरवलं, सुनंदाताई गाडी बघायला धावल्या. मी बाईला विचारलं, गोळ्या घेतल्यास का? तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

तोच बोलला. दोन दिवस दिल्या, म्हणाला. मग घरच्या शेळीची कास सुजली. जनावरांचा डॉक्टर गावात भेटेना. कुणीतरी सांगितलं, औषध तेच असतंय, म्हणून उरलेल्या गोळ्या शेळीला चारल्या.

मी आवाज आवरला. "अहो, बायको डोळ्यांसमोर तापानं फणफणून राहिली होती. दिसत नव्हतं तुम्हाला?"

"दिसत होतं की," तो म्हणाला. "पन शेळी गाभन होती, मॅडम."