देत नाही बेटा

कौसल्यावहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी सौंसरला घरी चष्म्याची तुटकी काडी दोऱ्यानं बांधत बसलो होतो. सत्तरी ओलांडलेली बाई, दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली. धक्का बसावा असं काही नव्हतं. काडी बांधून झाली, कपडे केले, बसनं पांढुर्ण्याला गेलो, खांदा दिला, परत आलो. राग आला तो तिसऱ्या दिवशी, पेपर उघडल्यावर. ‘वीरगीताच्या कवयित्रीचे निधन’ असं चौकटीत छापलं होतं आणि खाली त्या गाण्याच्या दोन ओळी. पती गेला तर काय झालं, मुलगाही देईन म्हणणारी माउली, असं काहीबाही. मी पेपर चुरगाळला, मग बायको ओरडेल म्हणून सरळ केला. त्या दोन ओळी वहिनींच्या नव्हत्या. त्या माझ्या होत्या, आणि हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. आता मी एकटाच उरलो.

दिगंबरदादा, वहिनींचा नवरा, पांढुर्ण्यात आमच्या शेजारचा. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, फौजेत हवालदार. सुटीवर आला की माझ्यासाठी खाकी मोजे आणायचा. सत्त्याऐंशी साली आपली फौज लंकेत गेली, त्यात हाही गेला. जाताना म्हणाला होता, “शांती ठेवाले जाऊन रायलो, लढाले नाही. संत्रा तुटेपर्यंत येतोच.” हिवाळ्यात तार आली. अंत्यसंस्कार तिकडेच उरकले, असं नंतरच्या कागदात होतं. मग बऱ्याच दिवसांनी स्टेशनवरून निरोप आला की पार्सल आलं आहे. मी आणि वहिनी बैलबंडी घेऊन गेलो. काळी टिनाची पेटी, झाकणावर पांढऱ्या रंगात दादाचं नाव आणि नंबर. वहिनींनी फलाटावरच ती उघडली. वर्दी, दाढीचं सामान, अर्धी झिजलेली साबणाची वडी. वडीवर एक केस चिकटलेला होता. त्या रडल्या नाहीत. पेटी बंडीत ठेवली, तिच्याशेजारी बसल्या, आणि अर्ध्या वाटेत म्हणाल्या, “भाऊजी, मी मानूस मांगतला होता.”

त्या मूळच्या गाणी जुळवणाऱ्या. भुलाबाईच्या दिवसांत आमच्या आळीतल्या पोरींना दरवर्षी नवी गाणी त्यांच्याच अंगणात मिळायची. उन्हाळा संपता संपता त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, कागद घ्या. त्या बोलत गेल्या, मी लिहीत गेलो. ती झडती होती. पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या करून माणसं एकमेकांना पद्यात टोमणे हाणतात, तीच झडती. पण ती पुरुषांनीच म्हणायची. बायका ओट्यावरून ऐकणार, नंतर दारी आलेल्या बैलांचे पाय धुणार. वहिनींना ती तोरणाखाली हवी होती, सगळ्या गावासमोर. “तुमची जोडी उभी रायते ना पोळ्यात? मंग तुमीच म्हना.” मी हो म्हणालो. छाती फुगवून हो म्हणालो. कागदावर होतं ते असं:

पांढुर्ण्याच्या टेसनावर उतरली पेटी,
नाव त्याचं झाकनावर, त्याची नाही भेटी.
कोनाची थे जमीन होती, कोनाचा थो वाद,
माह्या दारच्या मानसाले कोनं घातली साद?
साहेबाच्या डोक्याले गुलाबी फेटा,
एक नेला थेवढा पुरे, देत नाही बेटा.

पोळ्याच्या दिवशी मैदानात मंच होता. पाहुणे म्हणून आलेल्या दोन साहेबांना आयोजकांनी फेटे बांधले होते, आणि नशीब बघा, गुलाबीच. त्यातल्या एकाच्या टेबलावर माझी फाईल होती. मी तेव्हा शाळेत कच्च्या नोकरीवर होतो, कायम होण्याची वाट बघत. माईक हातात आला. ही झडती कौसल्यावहिनींची, असं आधी सांगितलं. पहिल्या चार ओळींना मैदान गप्प झालं. इतकं गप्प की बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. मी मंचाकडे पाहिलं. साहेब माझ्याकडेच बघत होते… आणि माझी जीभ वळली. मी म्हणालो:

देसासाठी बांधीन मी केसरी फेटा,
एक गेला तं काय झालं, देईन माहा बेटा.

हर बोला हर हर महादेवचा असा गजर उठला की तोरण तुटायच्या आधीच दोन जोड्या बिथरल्या. साहेब उठून टाळ्या वाजवत होते. सोळा वर्षांच्या प्रमोदला, वहिनींच्या एकुलत्या एका पोराला, लोकांनी उचलून मंचावर नेलं आणि त्याच्या गळ्यात हार घातला. मी ओट्याकडे बघायचं टाळलं.

पण रीत चुकवता येत नाही. पोळा फुटल्यावर जोडी दारोदारी न्यावी लागते. वहिनींनी बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणपोळी चारली. मग ताट खाली ठेवून हळू म्हणाल्या, “भाऊजी, थे ओळ माही नोती.” मी गयावया केली. नोकरीचं सांगितलं, घरच्या बहिणींच्या लग्नांचं सांगितलं, कुणाला बोलू नका म्हणून शब्द घेतला. त्यांनी दिला. “सांगत नाही कोनाले,” म्हणाल्या. “पन तुमी माहा पोरगा देऊन टाकला.”

मला तेव्हा ते बाईमाणसाचं बोलणं वाटलं. बाजारातल्या एका कॅसेटच्या दुकानदारानं ती झडती टेप केली होती. त्या कॅसेटी तिगावला वाजल्या, लोधीखेड्याच्या मंडपात वाजल्या. शाळेत सव्वीस जानेवारीला पोरी केशरी फेटे बांधून ती म्हणू लागल्या, आणि मास्तर म्हणून तालीम घ्यायचो मी. प्रमोद बाजारातून चालला की लोक म्हणायचे, अरे, तुझ्या मायनं तुले देशाले देलं ना? पुढच्या उन्हाळ्यात नागपूरला फौजेची भरती निघाली आणि पोरगा निघाला. वहिनींनी त्याची दहावीची मार्कशीट त्या काळ्या पेटीत टाकली, कुलूप लावलं आणि वर बसल्या. दोन दिवस बसल्या. जेवल्या तिथंच, झोपल्या तिथंच बसून. निरोप आला म्हणून मी समजूत घालायला गेलो. प्रमोद आईच्या अंगावर धावून बोलत होता. “साऱ्या गावासमोर म्हनवून घेतलं देईन बेटा, अन घरी पेटीवर बसून रायली. ढोंगी हायेस तू.”

वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. मी दारात उभा होतो, तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, “प्रमोद, आईशी असं बोलू नये.” थू माझ्या जिंदगीवर.

भरती गेली. प्रमोद राहिला. जळालेल्या मोटारपंपांची वाइंडिंग भरायचं दुकान टाकलं, लग्न केलं, आईला औषधपाणी सगळं केलं; पण गरजेपुरतं बोलला, शेवटपर्यंत. बाईनं तेही सोसलं आणि शब्द मोडला नाही.

शोकसभेत पुन्हा तेच. तबला, हार्मोनियम, फेटे बांधलेल्या पोरी, माईकवर एक पुढारी डोळे पुसतोय. लंकेतल्या लढाईचं आता कुणाला काही आठवत नाही, ती कशासाठी होती हेही कुणी सांगू शकणार नाही, पण बेटा देणारी माय यांना पाहिजे. दुसऱ्याची माय. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. पुन्हा गप्पच होतो.

तेरवी झाल्यावर प्रमोदनं मला आतल्या खोलीत बोलावलं. पेटी उघडी होती. मार्कशीट, साबणाची वडी आणि माझ्या हाताचा तो कागद, घडीवर फाटलेला. त्यानं तो माझ्यापुढे धरला.

“काका, हे अक्षर तुमचं हाय.”

मी सगळं सांगितलं. पोळा, फाईल, शब्द. त्यानं कागदाची फाटकी घडी अंगठ्यानं जुळवली.

“नोकरी पक्की झाली होती ना तुमची?”

“झाली.”

“पेन्शन भेटते?”

“भेटते.”

“मी मायले ढोंगी म्हनलो, काका. पस्तीस वर्सं तसंच वागलो तिच्याशी.”

म्हणून हे इथे छापून देतो आहे, माझ्या नावानिशी. खऱ्या ओळी वर आहेत. ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी त्या म्हणाव्यात. केशरी फेट्याची ओळ माझी आहे, ती माझ्याबरोबर जाळा. मी माफी मागत नाही. जिच्याकडे मागायची तिला खांदा देऊन आलो तेव्हाही बोललो नव्हतो.

निघताना प्रमोदनं पेटी बंद केली तेव्हा झाकण दिसलं. टिन मधोमध खोल दबलं आहे, दादाच्या नावातली दोन अक्षरं त्या खळग्यात गेली आहेत. त्याच्या दुकानात हातोडा आहे, दहा मिनिटांत सरळ होईल. मी तसं म्हणालो.

“असू द्या,” प्रमोद म्हणाला, “माय बसली होती तिथं.” आणि तो पेटीला पाठ टेकून खाली जमिनीवर बसला.