कुलपाला चूलबंद आवतण

आईबाबांना पुण्याला आणलं त्या दिवशी बाबांनी घराला कुलूप लावलं आणि तीनदा ओढून पाहिलं. फाट्यावर एसटी यायला वेळ होता, तरी अर्धं गाव तिथे जमलेलं. कोणी तुरीची डाळ दिली, कोणी लोणचं. एका काकूंनी तर चक्क वरवंटा आणला होता, पुण्यात मिळत नाही म्हणून. गाडी अमरावतीकडच्या चांदूर रेल्वेच्या रस्त्याला लागल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "कुलूप लागलं का घर गावातून वजा होते."

हे वाचणाऱ्यांपैकी जे आपल्या गावातच आहेत, त्यांना हे सांगायला नको. पण माझ्यासारखे बाहेर पडलेले वाचून हसतील. फोनच्या नकाशावर आपलं गाव शेजारच्या तुरीच्या शेतात दिसतं. दोन आळ्या, मारुती, मशीद आणि शाळा, की संपलं. लोकसंख्या मात्र सरकारच्या आधी सत्तारभाईंना कळायची, कारण गावातल्या गाद्या तेच भरत. कोणाच्या घरी किती माणसं निजतात हे त्यांना तोंडपाठ. म्हणूनच मारुतीपाशी रोडगे, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचं गावजेवण, असले की दारोदार आवतण द्यायला तेच जात. आवतण चूलबंद, म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं. घरागणिक माणसं मोजूनच कणीक मळली जायची.

पुण्यात बाबा तसे रमले. लिफ्ट तर त्यांना फारच आवडली, उगाच वरखाली करायचे. फक्त बागेत कोणी गाव विचारलं की म्हणायचे, "होतं एक." ते मला फार लागायचं. कुलूप माझ्यामुळे लागलं होतं.

यंदा रोडग्यांचं आवतण आधी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं. खाली 'येणार', 'येणार नाही'. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, मला रजा नाही. मी 'येणार नाही' दाबून मोकळी झाले. बाबांना कळलं आणि त्यांनी माझी शाळाच घेतली.

"आवतनाले नाही म्हनते का कोनी? जानं होवो का न होवो, आपली चूल बंद ठेवाची. नाव काहून खोडलं?"

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सत्तारभाईंचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"गुरुजी, तुमच्या दारासमोर उभा हावो. आवतन द्याले आलो. घरी मानसं किती?"

"दाराले कुलूप हाये ना, बाप्पा."

"कुलूप मले दिसून राह्यलं. मानसं इचारून राह्यलो."

"आमी दोघं."

"अन् पोरगी, जावई, नात? ते का उपाशी राह्यतीन? पाच जनाचं चूलबंद."

बाबा हसता हसता रडले. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हटलं होतं, पण कोण ऐकतं.

रोडग्यांच्या दिवशी आमच्याकडे गॅस पेटला नाही. केळी आणि शेंगदाण्यांवर दिवस काढला, चहासुद्धा नाही. नवरा कोल्हापूरचा. तो ऑफिसात मिसळ खाऊन आला असणार, मी खोदून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीच्या ट्रॅव्हल्समधून डबा उतरवून घेतला. गादीच्या कोऱ्या कापडात बांधलेला. आत वांग्याची भाजी, बाटलीत तूप, आणि पाच रोडगे.

मी ते दोनदा मोजले. लग्न होऊन गेले तेव्हाच मी गावातून वजा झाले, असं इतकी वर्षं धरून चालले होते. माझ्या मुलीने तर अजून गाव पाहिलेलंही नाही. तिच्या वाटणीचा रोडगा तिने तुपात बुडवून, हनुवटीपर्यंत माखत खाल्ला.

परवा बागेत एकाने बाबांना गाव विचारलं. बाबांनी चांदूर रेल्वेपासूनचा रस्ता फाट्यासकट सांगितला. वस्ती किती, म्हटल्यावर आकडा सांगितला आणि वर म्हणाले, "आमी पाच धरून."