सोडशीन तं सांगून सोडजो

आज सकाळी पिपरी मेघेतल्या आमच्या गल्लीत लेकीला सायकल शिकवत होते. ती सात वर्षांची आहे. मी मागून कॅरियर धरून पळत होते. तिची एकच अट होती, "आई, सोडशीन तं मले सांगून सोडजो."

फाटकात उभ्या असलेल्या शेजारच्या काकू हसल्या. "अवं, सांगून कोनी सोडते का? गुपचूप हात काढ. आपन सारे असेच तं शिकलो!"

खरंय, मीही तशीच शिकले. दादा "धरलं हाय, धरलं हाय" म्हणत होता. मी वळून पाहिलं, तर तो दूर उभा राहून हसत होता, आणि मी थेट बेशरमाच्या झुडपात. गुडघा आठवड्यात बरा झाला. पण पुढे कितीतरी महिने मी मागे बघत बघतच सायकल चालवली.

आज लेकीचा तोल जमलेला मला कळत होता. हात दोनदा आपोआप सैल झाला. तरी विचारलं, "सोडू?"

"नाई!"

आणखी एक फेरी. मला धाप लागली. "आता?"

"थांब नं!"

चौथ्या फेरीला तीच म्हणाली, "आई, सोड आता."

"सोडली गं!" मी ओरडले.

हँडल डगमगलं. "पडते वं ते!" काकू किंचाळल्या.

ती पडली नाही. मारुतीच्या देवळापर्यंत गेली आणि एकदाही तिने मागे पाहिलं नाही.

तुमची सायकल सोडताना कोणी तुम्हाला सांगितलं होतं का?