पन्नासची लेन्स आणि कोपऱ्यातली जागा

बायको गेल्यावर मला काहीच वाटेनासं झालं. दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले, मी कामावर जाऊ लागलो, येताना भाजी आणू लागलो. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि त्याचंही काही वाटत नव्हतं.

मुलगी डोंबिवलीतल्या एका मंडळाकडून कबड्डी खेळते. सामन्यांना तिची आई जायची. आता कोणीतरी जायला हवं म्हणून मी जाऊ लागलो, आणि नुसतं बसवेना म्हणून फोटो काढायचे ठरवले. डोळ्याला कॅमेरा असला की लोक ‘कसं चाललंय?’ विचारत नाहीत.

कॅमेरा घरात होताच. खेळाचे फोटो म्हणजे लांबची लेन्स, एवढीच माझी अक्कल. ऑफिसातल्या एकाची झूम उसनी आणली आणि पार मागे, चहाच्या टेबलाशी उभा राहिलो. तिथून मुलगी जवळ दिसायची आणि मी लांब राहायचो. मला तेच हवं होतं.

पण सामने संध्याकाळचे, मंडळाच्या दिव्यांखाली. त्या स्वस्तातल्या झूमला तेवढा उजेड पुरेना. शटरचा वेग वाढवला की फोटो काळा, कमी केला की मुलीच्या जागी धूर.

“बाबा, यातली मी कुठली?” घरी तिने विचारलं.

“पिवळी.”

“अरे, सगळ्याच पिवळ्या दिसतायत!”

आई गेल्यापासून आमच्यात झालेलं हे सर्वांत लांब बोलणं.

अंधारात चालणारी लांब लेन्स म्हणजे हत्ती पोसणं. ठाण्यात जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात मला झेपेल अशी एकच निघाली, पन्नास एमएमची. उजेड भरपूर घेते, पण लांबचं जवळ आणत नाही. “पुढे जाऊन बसायला लागेल काका,” दुकानदार म्हणाला. मी ती उचलून परत ठेवली. मग घेतली. घरी मुलीला सांगितलं, “कल्याणच्या मॅचला मी पुढे बसणार.” ती “बरं” म्हणाली.

कल्याणला गेलो, तर रेषेला लागून माणसं दाटीने बसलेली. एका कोपऱ्यात टीममधल्या मुलींच्या आया होत्या, त्यांच्यात तेवढी एक जागा रिकामी. बसल्यावर कळलं ती कोणाची. आया थोड्या सरकल्या. कोणी काही विचारलं नाही.

खेळताना अंगावर दागिना चालत नाही. म्हणून शिट्टीआधी मुली कानातलं काढून आयांच्या हातात देतात. आई गेल्यापासून माझी मुलगी सामन्याला रिकाम्या कानांनीच निघायची. त्या दिवशी तिच्या कानात डूल होते, हे मला तिथे दिसलं. ती आली, डूल काढले, माझ्या तळहातावर ठेवले आणि तिनेच माझी मूठ मिटली.

“पाडू नकोस हं.”

पहिल्या चढाईला तीच गेली, अगदी माझ्या समोरून. चेहरा स्वच्छ दिसत होता, उजेडही पुरेसा होता. फोटो निघाला नाही. मूठ उघडवेना, आणि मला रडू आवरेना.